दशा, धुरा आणि प्रत्यंत

गेल्या हिवाळ्यात रात्रीच्या अभ्यासिकेत बारावीच्या विज्ञान शाखेतील एक विद्यार्थी पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. प्रकाशावरील प्रकरणात ‘फ्रिंज’ हा शब्द वारंवार येत होता आणि शब्दकोशात त्यापुढे ‘झालर’ एवढाच अर्थ दिलेला होता. त्याने विचारले, “सर, मांडवाले झालर असते, बैलाच्या झुलीले असते. उजेडाले झालर कशी राहीन?” प्रश्नावर वर्गमित्र हसले, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या रात्री आम्ही जे उत्तर दिले ते परीक्षेपुरते होते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाची मागणी केली तेव्हा ते अपुरे उत्तर प्रथम आठवले. म्हणून त्या एका शब्दाचा माग आम्ही येथे काढीत आहोत. माग काढता काढता तो शब्द कापडावरून शेतात, शेतातून प्रयोगशाळेत आणि तेथून गावाच्या वेशीबाहेर जाऊन पोहोचला, याला आमचा इलाज नाही.

आरंभ कापडापासून करणे योग्य, कारण कापसाच्या या मुलखात कापडाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा ताणलेला असतो व त्यातून आडवा बाणा धोट्याने इकडून तिकडे फिरतो. जेथे बाणा वळून परत फिरतो तेथे कापडाची जी लांब बाजू तयार होते, तो काठ. काठ आपोआप घट्ट असतो, उसवत नाही. परंतु कापड मागावरून उतरविताना दोन्ही टोकांना ताण्याचे काही धागे विणल्यावाचून उरतात. ह्या सुट्या धाग्यांना मराठीत दशा म्हणतात आणि त्यातील एका धाग्याला दशी. शालीच्या, उपरण्याच्या, सतरंजीच्या टोकाला आपण ज्या पीळ देऊन गाठी मारलेल्या दशा पाहतो, त्या मुळात शोभेसाठी नव्हत्या. गाठ मारली नाही तर शेवटचा बाणा सुटतो, मग त्याच्या अलीकडचा, आणि पाहता पाहता कापड विरत जाते. शोभा मागाहून आली. गाठी सारख्या अंतरावर पडू लागल्या, त्यांना रंग आले, गोंडे आले, आणि अखेरीस कापडाशी काही संबंध नसलेली, वेगळी विणून वरून शिवलेली झालर आली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या झुलीला जी झालर लोंबते तिच्यावाचून झूल उसवणार नाही. दशांची गाठ सोडली तर शाल मात्र उसवेल. इंग्रजी ‘फ्रिंज’ या दोन्हींना पुरतो. मराठीने त्यांना निरनिराळी नावे दिली आहेत आणि ती सांभाळण्याजोगी आहेत.

विदर्भाच्या विणकरांनी काठालाही असेच महत्त्व दिले. करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. काठाचा रंग व अंगाचा रंग एकमेकांत मिसळू न देता दात्यादात्याने अडकवीत न्यावयाचा, तर काठासाठी वेगळे धोटे चालवावे लागतात. काम सावकाश होते. आता ही नक्षी छापूनही मिळते. छापील काठ उलटून पाहिला की फरक कळतो, एवढेच येथे सांगतो.

संस्कृतात ‘दशा’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत: वस्त्राच्या टोकाचे धागे, दिव्याची वात आणि अवस्था. पालीत तो ‘दसा’ होतो व विनयपिटकात भिक्षूंच्या वस्त्रांसंबंधीच्या नियमांत पुनःपुन्हा भेटतो. आपल्या वसतिगृहातील मुले सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतात, पण विनयाचे हे अगदी घरगुती, शिवणकामाचे भाग त्यांच्या वाचनात सहसा येत नाहीत. महावग्गाच्या चीवरखंधकात भिक्षूंच्या एका गटाची हकीकत आहे. त्यांनी दशा न कापलेली, लांब दशांची, फुलांच्या दशांची, नागफणीसारख्या दशांची चीवरे वापरली. लोक नावे ठेवू लागले की हे तर घरसंसारी विलासी लोकांसारखे दिसतात. तेव्हा तथागतांनी तशी चीवरे वापरण्यास मनाई केली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भारतात दशांची फॅशन होती आणि ती इतकी ठळक होती की तिच्याविरुद्ध नियम करावा लागला!

परंतु याच विनयात चीवराला ‘अनुवात’ नावाची पट्टी चारी बाजूंनी शिवण्याची मुभा आहे, कारण कडा झिजतात व फाटतात. बसण्याच्या आसनवस्त्रालाही दसा असावी असे सांगून तिचे माप ठरवून दिले आहे. तेव्हा कडेवर रोष नाही. मिरवणाऱ्या कडेला नकार आहे आणि टिकविणाऱ्या कडेला परवानगी. हा भेद आम्हाला फार नेमका वाटतो.

चीवराची रचना कशी ठरली, तीही कथा विनयातच आहे. मगधातील दक्षिणागिरीच्या वाटेवर तथागतांनी बांधांनी चौकोनी आखलेली, आडव्या-उभ्या मर्यादांची शेते पाहिली आणि आनंदांना विचारले की अशा रचनेचे चीवर तुला करता येईल काय. आनंदांनी तुकडे कापून, त्यांच्यामध्ये बांधासारख्या पट्ट्या ठेवून ते शिवले. कापलेल्या तुकड्यांच्या वस्त्राला चोराचा मोह होत नाही, हाही एक व्यवहारी लाभ सांगितलेला आहे. पुढे कचऱ्यातील चिंध्यांचे पांसुकूल चीवर हे भिक्षूच्या अल्पेच्छतेचे लक्षण मानले गेले. आपल्याच तालुक्यातील दापुरा या आजोळच्या गावी वाढलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत, ते अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे. दोन्हींचा संबंध आम्ही जोडीत नाही. पण वऱ्हाडातील माणसाला पांसुकूल हा शब्द समजावून देण्याची वेळ आली तर गाडगेबाबांचे छायाचित्र दाखविणे पुरेसे होते, असा आमचा अनुभव आहे.

चीवर शेतावरून आले, म्हणून आता शेताकडे वळू. आपल्याकडे बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरचा निंब, धुऱ्यावरची बोर, धुऱ्यापायी भावाभावांत पडलेली तेढ हे सर्व पालकांना ठाऊक आहे. ज्या धुऱ्याविषयी आम्हाला थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे तो मात्र मातीचा नाही, बियाण्याचा आहे.

सन २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली. या झाडात जिवाणूचे एक जनुक घातलेले असते; त्यामुळे बोंडअळीने पान वा बोंड खाल्ले की ती मरते. परवानगी देताना एक अट होती. बीटी कपाशीच्या सभोवती साध्या, बीटी नसलेल्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे लावावयाचे. यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळत असे. दुकानदार व शेतकरी त्याला ‘नॉन बीटी’ किंवा ‘रेफ्युजी’ म्हणत. आमच्या कित्येक पालकांनी ते पाकीट धुऱ्यावर फेकून दिले, हे ते स्वतःच सांगतात. त्यांना दोष देता येत नाही. अळीला खाऊ घालण्यासाठी कपाशी पेरा, असे कोणी सांगितले तर कोण ऐकेल? आणि कारण समजावून सांगण्यासाठी बांधावर कोणी आले नाही.

कारण असे होते. लाखो अळ्यांत एखादी अळी जन्मतःच बीटीचे विष पचविणारी असते. शेतात सर्वत्र बीटीच असेल तर बाकी सगळ्या मरतात आणि या मोजक्या उरतात. त्यांचे पतंग आपसांत मीलन करतात व पुढची पिढी विष पचविणारीच निपजते. भोवती साध्या कपाशीच्या ओळी असतील तर तेथे साध्या अळ्या जगतात. उरलेल्या एखाद्या प्रतिकारक पतंगाची गाठ बहुधा या असंख्य साध्या पतंगांपैकी एकाशी पडते, आणि प्रतिकाराचा गुण साधारणतः दबून राहणारा असल्याने त्यांची संतती बीटीवर मरते. म्हणजे त्या पाच ओळी साऱ्या शेताच्या दशांची गाठ होत्या. काही ठिकाणी कडेला तूर लावली गेली. ती हिरव्या अमेरिकन बोंडअळीपुरती उपयोगी होती. गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते, तिला तुरीचा आश्रय चालत नाही. गाठ सुटली. सन २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरून टाकली. फवारण्या वाढल्या, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मरण पावले. पुढे दोन्ही बियाणे एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. म्हणजे शेतकऱ्याकडून कडा निगुतीने राखली जाईल ही आशाच सोडून दिली गेली. आम्हाला ती हार वाटते, कृषिशास्त्राची नव्हे, समजावून सांगण्याच्या कामाची.

आता त्या विद्यार्थ्याच्या उजेडाकडे. सावलीची कड रेघेसारखी स्वच्छ असते असे आपण धरून चालतो. इटलीतील ग्रिमाल्दी यांनी बारीक छिद्रातून आलेल्या उन्हात एक वस्तू धरून सावली बारकाईने पाहिली, तेव्हा कडेला समांतर असे उजळ व मंद पट्टे त्यांना दिसले. त्यांचा ग्रंथ १६६५ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच प्रकाशाची झालर. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील टॉमस यंग यांनी तिचा उलगडा केला: प्रकाश हा लाटेप्रमाणे वागतो. दोन वाटांनी आलेल्या लाटांचे उंचवटे एकमेकांवर आले की उजेड वाढतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर आला की दोन उजेड मिळून काळोख होतो. तांबड्या लेझरची तरंगलांबी ०.०००६५ मिलिमीटर असते. पाव मिलिमीटर अंतरावरील दोन फटींतून तो एक मीटर दूरच्या पडद्यावर पाडला तर पट्टे सुमारे २.६ मिलिमीटर अंतरावर उमटतात. डोळ्याला कधीही न दिसणारी लांबी अशी चार हजार पटींनी मोठी होऊन फुटपट्टीने मोजता येते.

हे पाहावयास प्रयोगशाळाही लागत नाही. दोन बोटे एकमेकांना जवळजवळ टेकवून डोळ्याजवळ धरावीत आणि फटीतून ट्यूबलाइटकडे पाहावे. फटीत बारीक काळ्या उभ्या रेघा दिसतात. (सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये.) त्या रात्री अभ्यासिकेतील सर्व मुले बराच वेळ बोटांच्या फटीतून दिव्याकडे पाहत बसली होती आणि वसतिगृह अधीक्षकांना वाटले की काही खोडी चालली आहे.

या पट्ट्यांनी विज्ञानाला मोठे वळण दिले. सन १८८७ मध्ये अमेरिकेत मायकेल्सन व मोर्ले यांनी प्रकाशाचा एक झोत दोन काटकोनी वाटांनी पाठवून परत एकत्र आणला. प्रकाश ‘ईथर’ नामक सर्वव्यापी माध्यमातून जात असेल तर पृथ्वीच्या गतीमुळे पट्टे सुमारे ०.४ पट्ट्याइतके सरकावयास हवे होते. ते तसे सरकले नाहीत. ईथरची कल्पना डळमळली आणि सापेक्षतेच्या सिद्धांताची वाट मोकळी होण्यास त्याचे साह्य झाले. हेच तत्त्व घेऊन चार चार किलोमीटर लांबीच्या बाहूंच्या लायगो वेधशाळा उभ्या राहिल्या. तेथे परत येणारे दोन झोत एकमेकांना जवळजवळ नाहीसे करतील, म्हणजे पाहणी काळ्या पट्ट्यावर राहील, अशी जुळणी ठेवतात. अंधारात किंचित उजेड आला तर बाहूंच्या लांबीत काही फरक पडला असे समजावयाचे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी असा फरक नोंदला गेला. तो प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता आणि त्याचे कारण दूर अंतराळात दोन कृष्णविवरांचे एकत्र येणे हे होते. भारतातील अशी वेधशाळा आपल्यापासून फार दूर नाही. कारंजा, वाशिम ओलांडून गेले की हिंगोली जिल्हा लागतो. तेथे औंढा नागनाथ परिसरात ती उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तेथे कामाला लागला तर त्याने पुढील स्मरणिकेसाठी लेख द्यावा, ही आगाऊ मागणी.

कलांच्या क्षेत्रातही हा शब्द आहे, त्याचा उल्लेख थोडक्यात करतो. सन १९४७ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे मोठा कला महोत्सव भरला. आठ नाट्यसंस्था आमंत्रण नसताना गेल्या आणि शहरात मिळेल त्या जागी त्यांनी प्रयोग केले. त्या ‘फ्रिंज’चा पसारा आज मूळ महोत्सवाहून मोठा आहे. मराठीत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जे प्रायोगिक नाटक बहरले ते याच कुळातले. आणि आंबेडकरी जलसे तर कोणत्याही नाट्यगृहाच्या कडेलाही नव्हते. ते वस्तीच्या मोकळ्या जागेत, कंदिलाच्या उजेडात झाले. त्यांना आमंत्रण मात्र होते, ज्यांच्यासाठी ते होते त्या लोकांचे.

येथून पुढे शब्द भूगोलात शिरतो. पाली वाङ्मयात देशाचे दोन भाग येतात: मज्झिमदेस आणि पच्चंतिम जनपद, म्हणजे प्रत्यंत प्रदेश, कडेचा मुलूख. विनयात मज्झिमदेसाच्या सीमा नावानिशी दिल्या आहेत. पूर्वेला कजंगल, पश्चिमेला थूण नावाचे ब्राह्मणग्राम, दक्षिणेला सेतकण्णिक. त्यापलीकडचा सारा प्रत्यंत. अवंती व तिच्या दक्षिणेचा प्रदेश त्यातच मोडत असे, आणि आपले वऱ्हाड त्याच दिशेला आहे. अवंतीत महाकच्चान यांच्याकडे सोण कुटिकण्ण या उपासकाने उपसंपदा मागितली. तिला दहा भिक्षूंचा संघ हवा होता. त्या कडेच्या मुलखात दहा भिक्षू जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण तथागतांच्या दर्शनाला श्रावस्तीला निघाले तेव्हा महाकच्चानांनी त्यांच्याबरोबर पाच विनंत्या पाठविल्या.

त्यांपैकी एक वाचताना आम्ही थबकलो. अवंती-दक्षिणापथातील भूमी वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे, तेव्हा अनेक पदरी तळांच्या वहाणांना अनुज्ञा मिळावी. एप्रिल महिन्यात मूर्तिजापूरच्या शिवारात अनवाणी चाललेल्या कोणालाही हे वर्णन कोठले, हे सांगावे लागणार नाही. पावसात खुरांनी उमटलेले खड्डे उन्हात वाळून विटेसारखे टणक होतात, तीच ही काळी कसदार जमीन. भिक्षूंच्या पायांना ती टोचली म्हणून ती ग्रंथात नोंदली गेली. अन्य विनंत्या अशा: पाच भिक्षूंच्या संघाकडून उपसंपदा व्हावी, मात्र त्यांत एक विनय जाणणारा असावा, वारंवार स्नानाची मुभा असावी, कारण तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात, मेंढी, बकरा व हरीण यांच्या कातड्यांची आसने चालावीत, आणि कोणी भिक्षूसाठी चीवर दिले तर ते प्रत्यक्ष हाती येईपर्यंत दिवसांची गणना सुरू होऊ नये. पाचही मान्य झाल्या, आणि केवळ अवंतीसाठी नव्हे. उपसंपदेपासूनच्या सवलती साऱ्या प्रत्यंत जनपदांना लागू झाल्या. कडेच्या लोकांनी मध्यदेशाप्रमाणे वागावे, असे सांगितले गेले नाही. कडेची माती कशी आहे हे ऐकून नियम बदलला गेला.

आता शेवटची कड, गावाची. तिला गावकूस म्हणतात, आणि कुसाबाहेर कोण राहत असे हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या मूळासंबंधीच्या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला: हे लोक गावाबाहेर का राहिले? अस्पृश्य ठरल्यावर त्यांना बाहेर काढले, हे उत्तर त्यांनी नाकारले. त्यांचे प्रतिपादन असे की टोळीयुद्धांत वाताहत झालेल्या माणसांचे गट होते. स्थिरावलेल्या गावांना पहारेकरी हवे होते आणि या गटांना आश्रय हवा होता. पहारा कडेवरच द्यावयाचा असतो, म्हणून ते कडेवर वसले. अस्पृश्यता पुष्कळ शतकांनंतर आली. आयर्लंड व वेल्स येथील गावांच्या कडेला वसविलेल्या परक्या कुळांची उदाहरणेही त्यांनी दिली आहेत. या सिद्धांताविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यातील एक लहानसा शब्दविचार आमच्या आजच्या विषयाच्या मुळाशी जातो. ‘अंत्य’, ‘अंत्यज’ या शब्दांचा अर्थ सृष्टीच्या क्रमात सर्वांत शेवटी जन्मलेला, असा शास्त्रकारांनी लावला. बाबासाहेबांनी तो अर्थ तर्काला धरून नाही असे दाखवून म्हटले की येथे अंत म्हणजे गावाचा अंत, गावाची कड. एका अर्थाने माणूस शेवटचा ठरतो. दुसऱ्या अर्थाने त्याच्या घराचा पत्ता तेवढा कळतो. शब्द तोच, पण एकात निवाडा दडलेला आहे आणि दुसऱ्यात दिशा.

आणि त्या पत्त्यावर राहणाऱ्याला गावची शीव तोंडपाठ असे. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष अखेरची मानली जाई, ही प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र होती. पालक मेळाव्याच्या दिवशी त्या बारावीच्या विद्यार्थ्याचे आजोबा आले होते. नातवाच्या प्रश्नाची हकीकत ऐकून ते हसले आणि त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. शिवेचा वाद निघाला की त्यांना बोलावणे येई. ते काठी टेकीत पुढे चालत. दोन्ही गावचे पाटील आणि पंच मागून येत. कोठे निंब होता, कोठे दगड पुरला होता, नाला कोठून वळत होता, हे ते सांगत जात, आणि ते ज्या रेषेने चालत तीच रेषा कागदावर लिहिली जाई. चालणे संपले की पाटील मंडळी वेशीतून आत जात. ते बाहेरूनच घराकडे वळत.